बरं वाटणं आणि बरं होणं

माझा पिंड कवितेचा आणि शिक्षण बी.ए.पर्यंतचं. त्यामुळे मी औषधांविषयी बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटेल. पण एका आजारानं मला औषधांची चांगलीच ओळख करून दिली, आणि त्यात मी एक चूकही केली. ती तुमच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी हे बोलणं.

सुरुवात अगदी साधी होती. नाक सतत चोंदलेलं, शिंकरलं की रक्त. सांधे दुखायचे, संध्याकाळी कणकण यायची. सर्दीच असेल म्हणून दोन महिने अंगावर काढले. मग लघवीत रक्त सापडलं, ‘आन्का’ नावाची रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि मूत्रपिंडाचा बारीक तुकडा तपासल्यावर निदान पक्कं झालं. व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह. याचे प्रकार अनेक. माझ्या वाट्याला आलेल्या प्रकाराचं नाव ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. कुठल्याही वृत्तात न बसणारं!

या आजारात नेमकं होतं काय? रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काम जंतूंशी लढण्याचं. पण इथं शरीर या पेशींविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं. त्यामुळे भडकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर तुटून पडतात. भिंती सुजतात, रक्तपुरवठा अडतो, आणि नाक, फुप्फुसं, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. कुंपणच शेत खातं, म्हणतात ना, तशातली गत.

एके काळी यावर उपाय नव्हता. १९५८ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार उपचार न झालेले रुग्ण सरासरी पाच महिनेच जगत. स्टिरॉइडनं थोडा आधार दिला, पण तो पुरेना. चित्र पालटलं ते सायक्लोफॉस्फामाइडमुळे. हे औषध मस्टर्ड वायूच्या कुळातलं, कर्करोगावर वापरलं जाणारं. अमेरिकेत डॉ. अँथनी फाउची (करोनाच्या काळात आपण ज्यांचं नाव रोज ऐकलं तेच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्टिरॉइडच्या जोडीनं वापरलं. १९८३ साली त्यांनी ८५ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यातल्या ९३ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण आटोक्यात आला होता.

आजही उपचाराचे टप्पे दोन. पहिल्यात भडका विझवायचा. त्यासाठी स्टिरॉइडचा मोठा डोस आणि जोडीला सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब. याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. दुसऱ्या टप्प्यात आजार पुन्हा उलटू नये म्हणून अझाथायोप्रिनसारखी गोळी, किंवा ठरावीक महिन्यांनी रिटुक्सिमॅब. हा टप्पा दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त चालतो.

माझी चूक झाली ती या दोन टप्प्यांच्या मधल्या उंबरठ्यावर. चौथ्या महिन्यात मला अगदी ठणठणीत वाटू लागलं. स्टिरॉइडनं चेहरा मात्र भोपळ्यासारखा फुगला होता, रात्री झोप येत नव्हती, रक्तातली साखर वाढली होती. एका कविसंमेलनात लोक म्हणाले, “वा, तब्येत सुधारली की!” ते शब्द जिव्हारी लागले. घरी आलो आणि सगळ्या गोळ्या बंद केल्या. कुणाला विचारलं नाही.

आठवडाभरात उलट्या सुरू झाल्या. उठून उभा राहिलो की अंधारी यायची. बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं. म्हणून ते हळूहळूच कमी करावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या महिन्यात लघवीत पुन्हा रक्त दिसलं. आपा दवाखान्यात उशाशी बसून म्हणाली, “आग विझली म्हणून बंब परत पाठवलास. राख चाळून बघितलीस का?”

मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. या वेळी रिटुक्सिमॅब मिळालं. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या साखळीतल्या ‘बी’ पेशींना ते वेचून हटवतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीचं ठरलं, आणि आजार उलटलेल्या रुग्णांत तर सरस. मी वाचलो, पण मूत्रपिंडांची जी ताकद त्या महिन्यात गेली, ती पूर्ण परत आली नाही.

ही औषधं बिनधोक आहेत, असं मी म्हणणार नाही. ती रोगप्रतिकारशक्तीलाच आवर घालतात, त्यामुळे जंतुसंसर्गाचं भय राहतं. म्हणून रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत. साधा ताप आला तरी डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं. लस घेण्याआधी विचारायचं. मूल हवं असेल तर सायक्लोफॉस्फामाइड सुरू होण्याआधीच तसं बोलायचं. आणि त्रास होत असेल तर लपवू नका. डोस कमी करता येतो. स्टिरॉइड लवकर उतरवलं तरी गुण तेवढाच येतो आणि गंभीर संसर्ग कमी होतात, असं २०२०च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. पण तो निर्णय डॉक्टरांसमोर बसून घ्यायचा, आरशासमोर उभं राहून नव्हे.

बरं वाटणं आणि बरं होणं यात अंतर असतं. ते अंतर औषधाच्या सोबतीनंच चालावं लागतं. मी अजून चालतो आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)