विश्लेषण : एसटीच्या तिकिटात मावणारी सहल… भिवंडीकरांना नदी, लेणी आणि गरम कुंडे किती जवळ?

यंत्रमाग आणि गोदामांचे शहर ही भिवंडीची ओळख. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सात लाखांहून अधिक आहे. त्यातील मोठा वर्ग रोजंदारीवर किंवा मागाच्या मजुरीवर जगणारा. या कुटुंबांना सुट्टीच्या दिवशी मॉल किंवा रिसॉर्ट परवडत नाही. मात्र, शहरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर नदी, गरम पाण्याची कुंडे, लेणी आणि जंगल आहे. तेथे पोहोचायला खर्च किती आणि अडचण कसली?

शहरातच मोकळी जागा का नाही?

भिवंडीला स्वतःची नदी आहे. कामवारी तालुक्यातून वाहत शहराला वळसा घालते आणि पुढे खाडीला मिळते. ‘नदीनाका’ हे नाव तिच्यावरूनच पडले. मात्र सांडपाणी आणि कापड प्रक्रिया उद्योगांच्या पाण्यामुळे तिच्या काठी बसावे अशी स्थिती उरलेली नाही. शहरात विरंगुळ्यासाठी प्रामुख्याने कामतघर परिसरातील वऱ्हाळदेवी तलाव उरतो. सकाळी फिरणारे आणि संध्याकाळी मुलांना घेऊन येणारे, सर्वांची भिस्त या एका तलावावर आहे.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला काय पाहता येते?

शहरापासून २५ ते ३० किलोमीटरवर तानसा नदीच्या खोऱ्यात ही तिन्ही ठिकाणे एकमेकांना लागून आहेत. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये किल्ला जिंकल्यावर मंदिर बांधवले, असे परंपरा सांगते. पायऱ्या आणि तटबंदीमुळे मंदिर लांबून गढीसारखे दिसते. चैत्र अमावास्येच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. अकलोलीची कुंडे नदीकाठी आहेत, तर गणेशपुरीत स्वामी नित्यानंद यांची समाधी आणि कुंडे आहेत. स्वामींनी १९६१ मध्ये तेथे देह ठेवला.

पाणी गरम कसे होते?

येथे जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोलवर झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि भेगांतूनच वर येते. पालघरमधील सातिवलीपासून रत्नागिरीतील उन्हवऱ्यापर्यंत कोकणात असे झरे आढळतात. एकाच ठिकाणच्या दोन कुंडांतील पाणीही सारखे गरम नसते. त्यामुळे आधी हाताने अंदाज घ्यावा. हृदयविकार, रक्तदाबाचे रुग्ण, गर्भवती आणि लहान मुलांनी फार वेळ पाण्यात बसू नये.

इतिहास आणि डोंगरांची आवड असणाऱ्यांसाठी काय?

भिवंडी तालुक्यातील लोनाड येथे डोंगरात कोरलेले बौद्ध लेणे आहे. त्यातील राजदरबाराचे मोठे शिल्पपट पाहण्यासारखे आहे. आता तेथे खांडेश्वरी देवीची पूजा होते, म्हणून ‘खांडेश्वरी लेणी’ हे नाव रुळले. गावात जुने शिवमंदिर आहे आणि परिसरात शिलाहारकालीन शिलालेख सापडले आहेत. दुगाड गावाजवळ गुमतारा हा दाट झाडीतला किल्ला आहे. १७८० मध्ये इंग्रज-मराठे युद्धातील लढाई याच दुगाड परिसरात झाली. गुमताऱ्याची वाट सहज चुकते. गावातील माहीतगार सोबत घ्यावा. वसईच्या बाजूला तुंगारेश्वर अभयारण्य आहे. ते २००३ मध्ये घोषित झाले असून सुमारे ८५ चौरस किलोमीटरवर पसरले आहे.

खर्चाचे गणित कसे जमते?

किल्ली एसटीकडे आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत तिकिटावर ५० टक्के सवलत मिळते. ६५ ते ७५ वयोगटातील ज्येष्ठांना निम्मे तिकीट आहे, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. म्हणजे नवरा-बायको, शाळकरी दोन मुले आणि ७५ पार केलेली आजी अशा पाच जणांच्या कुटुंबाचा प्रवास अडीच तिकिटांत होतो. त्यासाठी ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा. घरची भाजी-भाकरी बांधून घेतली, तर उरतो तो चहाचा खर्च. रेल्वेचाही पर्याय आहे. वसई-दिवा मार्गावरील गाडीने भिवंडी रोडहून खारबाव, कामण, जूचंद्रकडे जाता येते. मात्र हा मार्ग मुख्यतः मालगाड्यांचा असल्याने प्रवासी गाड्या मोजक्याच आहेत.

मग अडते कुठे?

अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. वज्रेश्वरीपर्यंत बस पोहोचते, पण लोनाडच्या लेण्यांसाठी किंवा दुगाडच्या पायथ्यासाठी रिक्षा करावी लागू शकते. मग रिक्षाचे भाडे एसटीच्या तिकिटापेक्षा जास्त होते आणि स्वस्त सहल महाग ठरते. परतीची शेवटची बस चुकली, तर दिवसाची बचत एका फेरीत संपते. त्यामुळे निघण्याआधी आगारात परतीची वेळ विचारून घेणे हा सर्वात उपयोगाचा सल्ला.

पावसाळ्यात कोणती काळजी?

कडेकपारीतले धबधबे फुकट दिसतात, पण जीव मोठा. डोंगरात पाऊस झाला, तर कोरड्या वाटणाऱ्या ओढ्याला अचानक लोंढा येतो. तानसा नदीवर १८९२ पासून धरण आहे. धरणाचे दरवाजे उघडले, की खालच्या काठावर पाणी झपाट्याने वाढते. त्यामुळे पावसाळ्यात नदीत उतरणे टाळावे. जिल्हा प्रशासन दरवर्षी धबधबे आणि जलाशयांवर मनाई आदेश काढते. ते पाहूनच बेत आखावा. कुंडे, लेणी आणि किल्ल्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.