गॅलरीतली उभी बाग

इंदूरच्या जुन्या वाड्यांना परसदार असे. तिथे तुळशीवृंदावन, अळूचा वाफा, कढीपत्ता, जास्वंद सारे सुखाने नांदत. आता आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला फ्लॅटची गॅलरी आली आहे. माझी दहा फूट लांब आणि जेमतेम साडेतीन फूट रुंद आहे. तिथे कुंड्या मांडल्या तर माणसाने उभे कुठे राहावे? म्हणून मी भिंतीकडे वळलो. मंडळातील स्नेही या बागेविषयी विचारतात, त्यासाठी हा लेखनप्रपंच.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतील स्टॅन्ले हार्ट व्हाइट यांनी तिचे पेटंट १९३८ साली घेतले. पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लाँ यांनी ती जगभर लोकप्रिय केली. त्यांच्या भिंतींत माती नसते. जाड कापडी थरात मुळे रुजतात आणि पंपाने खतमिश्रित पाणी झिरपत राहते. घरगुती माणसाला हा व्याप झेपणारा नाही.

माझी योजना साधी आहे. जमिनीवर टेकलेली, भिंतीपासून चार बोटे दूर उभी केलेली लोखंडी चौकट आणि तिच्या चार आडव्या पट्ट्यांवर सहा इंची चोवीस कुंड्या. पाणी घातलेली कुंडी सुमारे अडीच किलो भरते. म्हणजे एकूण भार साठ किलो, एका प्रौढ माणसाइतका! तो कठड्याबाहेर टांगणे मला कदापि मान्य नाही. खाली मुले खेळत असतात. मालव्याची काळी माती शेताला सोने असली तरी कुंडीत ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. तिचा एक भाग, कंपोस्टचा एक आणि नारळाच्या भुशाचे दोन, हे मिश्रण हलके राहते.

खरी कसोटी पाण्याची. वरची रांग उन्हावाऱ्याने आधी सुकते आणि निथळलेले पाणी खाली उतरते. म्हणून वर कोरफड, ऑफिसटाइम, पानांचा ओवा. तळाशी पुदिना आणि नेचे. मेथी-कोथिंबीर मध्ये, तीही दसऱ्यानंतर. उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर जाते. मनीप्लांट मात्र रांगत्या मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नये. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते.

पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यूचा रुग्ण आला की मी त्याच्या गॅलरीची चौकशी करतो. “डॉक्टरसाहेब, ताटल्यांतलं पाणी अगदी स्वच्छ असतं हो!” हे उत्तर ठरलेले. एडिस डासाला तसलेच पाणी प्रिय! मादी पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी घालते. ती कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. पुढे आठ-दहा दिवसांत डास उडू लागतो. तेव्हा पाणी नुसते ओतून देऊन भागत नाही. ताटल्यांच्या कडा आठवड्यातून एकदा काथ्याने खसखसून घासाव्या लागतात. मी कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच टाकल्या. तळाशी एकच उतरते पन्हाळे बसवले, तेही मोरीकडे वाहते. पाण्यात मनीप्लांट वाढवण्याच्या बाटल्यांनाही माझ्या गॅलरीत प्रवेश नाही, आमच्या सौभाग्यवतींचा त्यावरचा आक्षेप अद्याप कायम असला तरी.