हजार बिड्यांचा हिशेब

भंडारा जिल्ह्यात बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर ठरते. भिजवलेलं तेंदूपान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडून दोरा गुंडाळायचा. हात तोच, आकडा मात्र रोज वेगळा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड रोथ यांनी १९४६ मध्ये लोण्याला वेष्टण घालणाऱ्या कामगारांचं उत्पादन तपासलं. पुढे त्यांनी कयास मांडला, की आठवड्यागणिक उत्पादन फार हलत असेल, तर मोबदल्याची पद्धत परिणामकारक नाही.

बिडीला हा कयास अपुरा पडतो. मोबदला थेट नगावर असूनही पान फाटकं निघालं, उन्हानं वाळून चिरलं, किंवा धानाची रोवणी आली, की सुपातल्या बिड्या घटतात. अशा एका आठवड्यावरून बाईला कामचुकार ठरवणं हा उघड अन्याय आहे. नापास बिड्या छाटात जातात, तो तोटा वेगळाच.