सातबाऱ्यावर भात, जागेवर सात मजले

ठाण्याच्या पुढे, पारसिकचा डोंगर आणि मुंब्रा ओलांडले की दिवा नावाचे जंक्शन लागते. आणि त्या नावाने होणारा परिचय टाळण्यासाठी तेथील पुष्कळ सुशिक्षित रहिवासी कचेरीत, नातलगांत आणि विशेषतः लग्नाच्या बैठकीत ‘ठाण्याजवळ’ किंवा ‘डोंबिवलीच्या अलीकडे’ असा मोघम पत्ता सांगतात. अशा गावी घर घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न माझ्या भाच्याने मध्यंतरी माझ्यापुढे ठेवला. तो घाटकोपरला एका खासगी कंपनीत हिशेबनीस आहे, भांडुपला भाड्याच्या खोलीत राहतो, आणि ठाणे शहरातल्या दोन खोल्यांची किंमत ऐकून घरी परतल्यावर, आपल्या पगाराची आणि त्या किमतीची गाठ या जन्मी पडणे कठीण, असा त्याचा हिशेब झाला होता. दिव्यात त्याला जी जागा दाखवण्यात आली तिची किंमत ठाण्यातल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी होती. इतके स्वस्त का, असे त्याने विचारले तेव्हा ‘दिव्याचे नाव खराब आहे म्हणून’ असे सरळ उत्तर मिळाले; आणि उत्तर सरळ असल्यामुळेच त्याचा त्यावर विश्वास बसला.

दिव्याचे नाव खराब आहे, हे खोटे नव्हे. खाडीकडच्या अंगाला कचऱ्याचे ढीग, वारा फिरला की घराघरांत शिरणारा त्यांचा दर्प, टँकरच्या पाण्यासाठी जिन्याखाली ओळीने मांडलेली निळी पिंपे, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि सकाळच्या गाडीच्या दाराशी लोंबकळणाऱ्या माणसांची ती नित्याची दाटी, ही दिव्याची ओळख अनेक वर्षे होती व काही अंशी आजही आहे. २ जानेवारी २०१५ रोजी गाड्यांचा खोळंबा होऊन येथे प्रवाशांचा उद्रेक झाला, दगडफेक व जाळपोळ झाली, आणि ज्यांनी दिवा कधी पाहिला नव्हता त्यांनाही तो वर्तमानपत्रांतून माहीत झाला. परंतु या अवगुणांची जात कोणती, हे नीट पाहिले पाहिजे. कचरा हलवता येतो, जलवाहिनी आणता येते, फाटकाच्या जागी पूल होतो, गाड्या वाढतात. जलद लोकलना दिव्यात थांबा मिळाला. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे ठाण्याचे स्थानक दिव्यालगतच्या म्हातार्डी गावात व्हायचे आहे. आणि वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा तिचा एकवीस किलोमीटरांचा बोगदा शिळफाट्याशी उजेडात येतो. ज्या गावाकडे सरकार इतक्या खर्चाने रूळ वळवते त्या गावाची दुर्गंधी कायमची राहील, असे मानण्याचे कारण नाही.

जागेची बदनामी काळाने धुऊन निघते, याचे उदाहरण शोधायला मुंबईहून खाडी ओलांडून वाशीला जावे. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली आणि वाशीत वसाहत उभी राहू लागली, तेव्हा मुंबईकराला ती वनवासाची जागा वाटे. १९७३ मध्ये खाडीपूल झाला तरी रेल्वे यायला १९९२ साल उजाडले. त्या मधल्या काळात ज्यांनी नातलगांची थट्टा सोसून तेथे घरे घेतली, त्यांच्या घरांचे पुढे काय मोल झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या मोलाच्या मुळाशी असलेली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वाशीची जमीन शासनाने संपादित केलेली होती, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ती दिली गेली, तिचा आराखडा होता, तिच्यावरच्या इमारतीला परवानगी होती. तेथे वाईट होते ते फक्त अंतर. कागद पहिल्या दिवसापासून स्वच्छ होता, म्हणून अंतर मिटताच किंमत वर आली.

याउलट दिव्यात, मुंब्र्यात, शीळ-डायघरात, डोंबिवलीच्या भोवतालच्या खेड्यांत किंवा वसई-विरारच्या पट्ट्यात जे पुष्कळसे स्वस्त विकले जाते त्याचा कागदच नासका असतो, आणि दलालाची सारी कला नासक्या कागदाच्या या स्वस्ताईला खराब नावाच्या स्वस्ताईचा पोशाख चढवण्यात असते. नाव खराब म्हणून भाव कमी, असे तो म्हणतो. ते अर्धेच सत्य असते. उरलेले अर्धे पाहायला मी आणि भाचा एका रविवारी ती जागा दाखवणाऱ्या दलालाबरोबर गेलो.

इमारत सात मजल्यांची, रंग नवा, लिफ्टला अजून लाकडी खोक्याचा वास. पाचव्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत प्लास्टिकच्या तीन खुर्च्या होत्या. तेथे बसून त्याने आपली फाइल उघडली. तीत घरपट्टीची पावती होती, विजेचे बिल होते, जमीनमालकाने विकासकाच्या नावे दिलेले मुखत्यारपत्र होते, आधीच्या दोन ग्राहकांशी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर केलेल्या व नोटरीपुढे सह्या झालेल्या करारांच्या नकला होत्या, आणि तळाशी सातबारा होता. गावनमुना सात म्हणजे जमिनीवर कोणाचा काय अधिकार याचा अभिलेख आणि गावनमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही; या दोहोंच्या जोडीला सातबारा म्हणतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही, परंतु शहरात फ्लॅट घेणारा त्याकडे देवाच्या फोटोसारखे पाहून पान उलटतो. मी बारावरची नोंद वाचली. पीक : भात. ज्या खुर्चीत बसून मी ते वाचत होतो ती खुर्ची त्याच भातात, जमिनीपासून पाच मजले वर होती. शेतजमिनीची बिनशेती झाल्याची नोंद कोठेही नव्हती. आणि ‘इतर हक्क’ या सदरात बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘कुळकायदा कलम ४३ चे बंधनास पात्र’.

हे ‘इतर हक्क’ नावाचे सदर म्हणजे सातबाऱ्याची कुंडली होय. कोणाचा बोजा आहे, कोण्या सोसायटीचे कर्ज आहे, कूळ कोण, वाद कोणत्या न्यायालयात, जमीन वनसंज्ञेत आहे काय, हे सारे तेथे उमटते. १९४८ च्या कुळकायद्याने जी जमीन कुळाला मालकीने मिळाली, तिच्या हस्तांतरावर सरकारने बंधन ठेवलेले आहे. तेव्हा ते बंधन उठल्याचा, अथवा परवानगी मिळाल्याचा हुकूम मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. आदिवासी खातेदाराच्या जमिनीचे निर्बंध याहून कडक असतात. खाडीकाठी कांदळवनाचा प्रश्न वेगळाच. ठाणे जिल्ह्यात या सर्व प्रकारच्या जमिनी शेजारी शेजारी पसरलेल्या असल्याने एका इमारतीचा कागद स्वच्छ आणि भिंतीला भिंत लागलेल्या दुसरीचा नासका, असे सर्रास घडते. म्हणून ‘या भागात घेऊ नका’ किंवा ‘या भागात घ्या’ असा सल्ला मला नेहमीच निरर्थक वाटत आला आहे.

“बांधकामाची परवानगी?” मी विचारले.

“काका, दिव्यात सगळ्यांचं असंच आहे,” दलाल अगदी आपुलकीने म्हणाला. “पाडायचं ठरवलं तर अर्धा दिवा पाडावा लागेल. कोण पाडणार? आणि घरपट्टी लागलीय, लाइट मीटर आहे. बेकायदा असतं तर पालिकेनं पट्टी घेतली असती का?”

हा युक्तिवाद इतका गोड आहे की तो हजारो कुटुंबांच्या गळ्याखाली उतरला, यात नवल नाही. पालिका पट्टी घेते, कारण पट्टी ही वापराची असते. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये आहे, आणि कर वा शास्ती भरल्याने ते बांधकाम नियमित होत नाही, हेही तेथेच सांगितलेले आहे. विजेच्या बिलाचे तेच. ते वीज जळाल्याचा पुरावा आहे. नोंदणी कार्यालयाबद्दलही असाच गैरसमज असतो. दुय्यम निबंधक दस्तऐवज नोंदवतो, पक्षकारांची ओळख पाहतो, मुद्रांक शुल्क तपासतो. विकणाऱ्याची मालकी खरी आहे, याची हमी तो देत नाही. आणि येथे तर नोंदणीदेखील नव्हती, केवळ नोटरी होती.

‘कोण पाडणार’ या प्रश्नाचे उत्तर वसई-विरार पट्ट्यातल्या नालासोपाऱ्याने दिले आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या. त्यांत राहणाऱ्यांनी घरपट्टी भरलेली होती, मुलांच्या शाळा तेथल्या होत्या, देव्हारे तेथे बसले होते. त्याच्या आदल्या डिसेंबरात, १७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्टच म्हटले की, बांधकाम जुने झाले, त्यावर पैसा खर्च झाला अथवा अधिकाऱ्यांनी कानाडोळा केला, एवढ्याने बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही. आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, पाहिल्याविना बँकांनी कर्ज देऊ नये. दर्प काळाने जातो. कागदाचा हा दोष काळाने जात नाही. व्याजासारखा वाढत मात्र जातो.

पाडापाडीपेक्षाही भयंकर असे एक उदाहरण शिळफाट्यालाच आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाउंडमधली एक अनधिकृत, अर्धवट बांधलेली इमारत कोसळून ७४ माणसे दगावली. अवघ्या काही आठवड्यांत मजल्यावर मजले चढवलेल्या त्या इमारतीत काम चालू असतानाच कुटुंबे राहायला आलेली होती. परवानगी हा नुसता शिक्का नसतो. त्या शिक्क्यामागे कोणी संरचना अभियंत्याने लोखंडाचे व सिमेंटचे गणित केलेले असते, निदान केलेले असावे अशी अपेक्षा असते. ज्या इमारतीचा नकाशाच कोणाच्या दफ्तरी नाही, तिच्या खांबांत किती लोखंड आहे हे विचारायचे तरी कोणाला?

येथे एक कबुली दिली पाहिजे. पूर्ण सावध माणूसही फसू शकतो. घरबांधणी प्रकल्पांच्या नियमनासाठी केलेल्या रेरा कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात मे २०१७ पासून, ठरावीक मर्यादेहून मोठ्या नव्या प्रकल्पाला महारेराकडे नोंदणी अनिवार्य झाली. ग्राहकांकडून आलेल्या पैशाचे सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ताबा रखडला तर पैसे सव्याज परत मागता येतात. हे सारे उत्तम. परंतु कल्याण-डोंबिवलीत पालिकेची परवानगीपत्रेच बनावट तयार करून ती महारेराला सादर करण्यात आली, नोंदणी क्रमांक मिळवले गेले, त्या क्रमांकांच्या भरवशावर घरे विकली गेली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. तेव्हा परवानगीचा कागद विकासकाच्या फाइलीत पाहून भागत नाही. त्याचा क्रमांक टिपून घ्यावा, पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तो त्यांच्या दफ्तराशी ताडून पाहावा, त्यांनी माहिती न दिल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. यात दोन-तीन रजा जातात. वकिलाकडून तीस वर्षांचा मालकी-शोध करवून घ्यायला पैसे पडतात, आणि गंमत अशी की, पंधरा लाखांचे घर घेणाऱ्याला हे पैसे पंचाहत्तर लाखांचे घर घेणाऱ्याहून अधिक जड वाटतात, जरी गमावायला त्याच्याजवळ सर्वस्वच असते.

एक फुकटचा कसोटीचा दगड मात्र आहे. कर्जाचा अर्ज घेऊन एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत जावे. बँकेचा वकील तारण घेण्यासाठी कागद वाचतो, आणि स्वतःचा पैसा बुडू नये म्हणून वाचणारा माणूस कसून वाचतो. आमच्या दलालाला मी कोणती बँक कर्ज देते असे विचारले तेव्हा त्याने फाइल मिटली. “बँकेची कटकट कशाला, काका? विकासकच हप्ते करून देतो.”

भाच्याने ते घर घेतले नाही. पण दिवा सोडला नाही, हे मला विशेष वाटले. चार महिने हिंडून त्याने स्थानकापासून चालत वीस मिनिटांवर एक जुनी, तीन मजल्यांची इमारत शोधली; तिचे भोगवटा प्रमाणपत्र पालिकेच्या दफ्तरात सापडले, सोसायटी नोंदलेली निघाली आणि जमिनीचे मानीव अभिहस्तांतरणही झालेले होते, म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे होती. खोल्या लहान, रंग उडालेला, लिफ्ट नाही, आणि किंमत त्या सात मजल्यांतल्या घराच्या जवळजवळ दुप्पट. बँकेने तीन आठवड्यांत कर्ज मंजूर केले. खरेदीखत पत्नीच्या नावे केल्याने मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळाली, त्यात पाण्याची टाकी आली.

टाकीत पाणी अजून दिवसाआड येते, वारा फिरला की तो खिडकी लावतो. गणपतीला गावी जाताना मात्र सावंतवाडीची गाडी दिव्यातूनच सुटत असल्याने त्याला आता बसायला जागा मिळते. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, घर पाहून समाधानाने परतली. विचारणाऱ्यांना मात्र ती अजूनही ‘ठाण्याजवळ’ असेच सांगते.