साम्याचे मोल

गंगापूर रोडवरच्या आमच्या चहाच्या टपरीवर परवा दोन मित्रांची चांगलीच जुंपली. विषय होता 'द डार्क नाइट' (२००८) या चित्रपटातील जोकरची बाहुली. संग्राहक तिला 'फिगर' म्हणतात. हाँगकाँगच्या 'हॉट टॉईज' कंपनीची, उंची जेमतेम फूटभर.

"हुबेहूब हीथ लेजर!" एक म्हणाला.

"छे रे! ओठ चुकलेत. पैसे पाण्यात!" दुसरा.

मी गप्प. शिकवण्यांचे पैसे साठवून तीच बाहुली घ्यायला मी निघालो होतो!

घरी येऊन किमतीचा विचार केला. माणसाच्या एकषष्ठांश मापाची ही मूर्ती. चेहरा घडवायचा, रंगवायचा, खऱ्या कापडाचे कपडे शिवायचे. शिवाय चित्रपटाच्या हक्कदारांना मोबदला द्यायचा. त्यावर जकात. खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क आपल्याकडे २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाले, २०२३ साली ७०. म्हणजे आपण मोजतो ते सारेच पैसे काही साम्याचे नसतात.

आणि साम्य तरी कसे मोजावे? जाहिरातीतले छायाचित्र बहुधा पहिल्या नमुन्याचे असते. हाती येते ती कारखान्यातली प्रत. उजेड बदलला की तिचाही चेहरा बदलतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनीच राम आणि सीता रंगवले. चेहरा एकच, तरी चित्रपट गाजला! साम्य निम्मे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते, ते असे.

मी अजून पैसे भरलेले नाहीत. आधी कुणाकडची तरी बाहुली हातात घेऊन, चहूबाजूंनी पाहीन. तिच्यात मला जोकर भेटला, तरच!