तुरुंगाबाहेरचा मित्र

संत जॉन बॉस्को यांचे नाव आपणांस शाळा व उद्योगशाळा यांमुळे परिचित आहे. परंतु त्यांच्या कार्याचा एक उगम ट्युरिनच्या तुरुंगात आहे. १८४१ साली धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाल्यावर त्यांचे मार्गदर्शक फादर जोसेफ कफासो (हे १९४७ साली संतपदी आरूढ झाले) यांनी त्यांना कैद्यांच्या भेटीस नेले. बारा ते अठरा वर्षांची, अंगाने धडधाकट व बुद्धीने चलाख मुले तेथे अर्धपोटी, उवापिसवांच्या त्रासात, रिकामटेकडी बसलेली त्यांनी पाहिली. मात्र त्याहून अधिक व्यथा त्यांना दुसऱ्या गोष्टीने झाली. सुधारण्याचा निश्चय करून सुटलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच कोठडीत दिसत. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणीच नव्हते!

यास्तव रविवारी मुलांस जमवून धर्मशिक्षण द्यावे, खेळू द्यावे आणि आठवड्यात ती जेथे कामाला असतील तेथे जाऊन मालकाची व त्यांची विचारपूस करावी, असा क्रम त्यांनी आरंभिला. १८५५ साली त्यांनी ‘जेनेराला’ या बालसुधारगृहातील तीनशेहून अधिक मुले पहारेकऱ्यांविना दिवसभराच्या सहलीस नेली आणि सायंकाळी एकूण एक परत आणली, अशी कथा सेल्सियन परंपरेत सांगतात. तपशिलाचा वाद अभ्यासकांनी करावा. आपण त्या विश्वासाकडे पाहावे.

आपल्या देशात २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अठरा वर्षांखालील अशा मुलास ‘गुन्हेगार’ न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हटले आहे. शब्द जड खरा, पण हेतू दयेचा आहे. चौकशी चालू असता त्याला निरीक्षणगृहात ठेवतात. त्याचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. तेव्हा भेटीस जाणाऱ्या धर्मग्रामस्थांनी घरी परतल्यावर शेजाऱ्यांना हकिकती सांगत बसू नये.

अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी हवी, हे सांगणे नलगे. मुले सर्व धर्मांची असतात; त्यांच्या असहायतेत धर्मप्रसाराची संधी शोधणे हे अशोभनीय होय. २०१३ सालच्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील कासाल देल मार्मो या बालबंदीगृहात बारा जणांचे पाय धुतले, त्यांत मुसलमान तरुणही होते.

नाताळात केक व मिठाई घेऊन जाणारे पुष्कळ असतात. माझ्या मते मुलाला त्याहून मोलाचा वाटतो तो ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येणारा माणूस. गणित शिकवा, कॅरम खेळा, नाही तर नुसते ऐका. ‘तू काय केलेस?’ हा प्रश्न तेवढा विचारू नका, ते न्यायमंडळाचे काम आहे. ‘पुढच्या शनिवारी येतो’ असे सांगून न आल्यास मात्र त्याच्या आयुष्यात शब्द मोडणाऱ्या मोठ्या माणसांत आणखी एकाची भर पडते. म्हणून ज्यांना वर्षभर जमेल त्यांनीच नाव द्यावे.

आणि सुटकेचा दिवस आधीच विचारून ठेवावा. त्यानंतरच्या आठवड्यात मुलाची व त्याच्या आईबापांची संमती असल्यास घरी जावे, शाळेत पुन्हा नाव घालण्यास सोबत करावी, एखाद्या ओळखीच्या कारागिराकडे शब्द टाकावा. धर्मग्रामात सुतार, वायरमन, गॅरेजवाले आहेतच.