ठासणीची बंदूक: बार किती भरायचा?

सूर्यमाळच्या उतारावरची नाचणी आणि वरई दिवाळीच्या सुमारास कापणीला येते, आणि रानडुकरांनाही ते बरोबर ठाऊक असते. कळप एकदा रात्री शेतात शिरला की खातो थोडे आणि तुडवतो फार. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात राखणीला बसणाऱ्याजवळ बॅटरी, पत्र्याचा डबा, गोफण आणि कुत्री एवढाच सरंजाम असतो. बंदूक एखाद्याकडेच, आणि असलीच तर बहुधा ठासणीची.

जुनाट म्हणून हसण्यावारी नेली जाणारी ही वस्तू कायद्याच्या लेखी मात्र शेतकऱ्याचे पहिले हत्यार आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे नाव घेऊन परवान्याची सोय करते. ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक द्यायची. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि त्यात पीकसंरक्षणाच्या या बंदुकाही जातात. डुकरांना आचारसंहिता लागू नाही, ही कोकणातल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसते. ते काम माणूस स्वतः, दर बाराला नव्याने करतो. मापाने दारू नळीत ओतायची, वर चिंध्यांचा किंवा काथ्याचा बोळा गजाने दाबायचा, मग गोळी, आणि ती घरंगळू नये म्हणून पुन्हा बोळा. जुन्या तोड्याच्या बंदुकीत यानंतर कान्याशी (नळीच्या बारीक छिद्राशी) रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भरून जळता तोडा (वात) टेकवायचा. नंतर चकमक आली, आणि एकोणिसाव्या शतकात तांब्याची टोपी. टोपीवर घोडा आपटला की ठिणगी आत जाते. हे सगळे हात सवयीचा असला तरी अर्ध्या मिनिटाचे काम. जखमी रानडुक्कर तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून ‘बार किती आणि कसला भरायचा’ हा प्रश्न शिकाऱ्याच्या जिवाशी निगडित होता.

नवशिक्याचे उत्तर ठरलेले असते: दारू वाढवा. जुन्या शिकाऱ्यांचे उत्तर वेगळे होते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. काळ्या दारूला, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधकाच्या मिश्रणाला, स्वतःची मर्यादा आहे. गोळीला ती सहसा सेकंदाला ४५० ते ६०० मीटरपर्यंत वेग देते. त्यापुढे दारू वाढवली तर धूर वाढतो, खांद्याला दणका वाढतो आणि नळीवरचा ताण वाढतो, वेग मात्र फारसा वाढत नाही. शिवाय गोल गोळी हवेत वेग फार लवकर गमावते. मोठ्या जनावरासाठी उपाय एकच उरतो: गोळी मोठी करा. गोलाचा व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होते, या साध्या भूमितीवर एकोणिसाव्या शतकातली सगळी मोठी शिकार उभी होती.

आपल्याकडे सहज बोलतात त्या ‘बारा बोअर’चा हिशेब इथलाच. एक पौंड शिशातून नळीच्या मापाच्या बारा सारख्या गोळ्या पडल्या, तर ती बंदूक बारा बोअरची. म्हणजे एक गोळी जवळपास ३८ ग्रॅमची. चार बोअरची गोळी याच हिशेबाने ११३ ग्रॅम, पाव शेराच्या निम्म्याला टेकणारी. आकडा लहान, बंदूक मोठी.

दारू आणि गोळीचे प्रमाण कामानुसार किती बदलते, हे दोन उदाहरणांवरून दिसते. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीत सुमारे ३४ ग्रॅमच्या लांबट गोळीमागे साडेचार ग्रॅमच्या आतबाहेर दारू असे, म्हणजे आठास एक. दूरवर नेम धरणाऱ्या शिपायाला ते पुरेसे होते. सॅम्युअल बेकर या इंग्रज शिकाऱ्याने श्रीलंकेतल्या हत्तींसाठी ब्रिस्टलच्या गिब्ज या बंदूककाराकडून १८४० मध्ये जी रायफल बनवून घेतली, तिचे वजन साडेनऊ किलो होते. तीन औंसांच्या गोळीमागे तो सोळा ड्रॅम, म्हणजे एक औंस दारू भरी: तिनास एक. एवढा बार पेलायला तेवढीच जड बंदूक लागते. हलक्या बंदुकीत बेकरचे प्रमाण भरणाऱ्याने आधी खांद्याची आणि मग नळीची चौकशी करावी.

याच एन्फील्डच्या बारावरून आपला इतिहास वळला. नळीत आतून वळणदार आटे असले की गोळी घट्ट बसावी लागते, आणि घट्ट गोळी गजाने खाली सरकवायला वंगण लागते. कागदी पुडीत दारू आणि गोळी, पुडीला बाहेरून चरबी, आणि ती दातांनी फोडायची असा प्रकार होता. वंगण कोणत्या जनावराचे, या शंकेतून १८५७ चा भडका उडाला. कारणे अनेक होती, पण ठिणगी बार भरण्याच्या रीतीतून पडली.

शिकारी रायफलीतली अडचण वेगळी होती. आट्यांचा पीळ घट्ट असेल आणि दारू भरपूर असेल, तर मऊ शिशाची गोळी आटे न पकडता सरळ घसरत बाहेर पडते, आणि नेम गेला म्हणून समजा. यावर सगळ्यात नेटका विचार केला तो कॅप्टन जेम्स फोर्साइथने. हा निमाडात, म्हणजे आपल्या खानदेशाच्या शेजारी, जमाबंदी अधिकारी होता. पचमढीचा ‘बायसन लॉज’ त्यानेच उभारला. १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफलीवर पुस्तक लिहून सांगितले, की गोल गोळीच्या रायफलीला पीळ अगदी सैल द्या, सुमारे शंभर इंचांत एक फेरा, म्हणजे भरपूर दारू टाकूनही गोळी आटे सोडणार नाही. सातपुड्याच्या जंगलात शंभर पावलांच्या आत दिसणाऱ्या वाघासाठी आणि गव्यासाठी केलेला हा हिशेब होता, विलायतेच्या मोकळ्या माळासाठी नव्हे.

गोळीचे शिसेही जनावर पाहून निवडत. निव्वळ शिसे मऊ असते. ते मांसात पसरते, म्हणून सांबर-चितळाला चांगले. हत्ती किंवा गव्याच्या जाड कातड्या-हाडांवर तेच चपटे होऊन अडकते. त्यासाठी शिशात कथील किंवा थोडा पारा मिसळून गोळी कडक करत. छऱ्यांचा बार जवळून भीषण दिसतो, पण प्रत्येक छर्रा हलका असल्याने थोड्या अंतरावर त्याचा जोर संपतो. मोठ्या जनावरावर छर्रे मारणे म्हणजे त्याला आठवडाभर कुजत मरायला सोडणे. जुन्या जाणत्या शिकाऱ्यांना याचा तिटकारा होता, आणि तो योग्यच होता.

भरण्यातल्या चुका बारापेक्षा घातक. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळी तिथे फुगते किंवा फुटते. बार भरल्याचे विसरून दुसरा भरणे ही दुसरी चूक. अमेरिकी यादवी युद्धातल्या १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावर सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा झाल्या. त्यांतल्या सुमारे चोवीस हजार भरलेल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत दोन-दोन बार होते. कवायत केलेल्या सैनिकांची ही गत. म्हणून शहाणा माणूस गजावर दोन खुणा करतो, रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची. आताच्या बिनधुराच्या दारूचे तर नावच नको. काळ्या दारूसाठी घडवलेली नळी तिने हातात फुटते. आणि सूर्यमाळच्या पावसाळ्यात, धुके घरात शिरते त्या दिवसांत, दारू दमट होऊन बार फुसका जाणे हे नेहमीचेच.

१८१९ मध्ये वाघामागे आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली, तेव्हा शिकारी ठासणीवरच अवलंबून होते. जवळ जावे लागे, एकच गोळी मिळे, आणि जनावरालाही संधी असे. मागून भरायच्या काडतुसी रायफली आल्यावर ती संधी गेली, आणि सह्याद्रीतले वाघ त्यानंतरच्या काही पिढ्यांत संपत आले. जव्हार-मोखाड्यात आज वाघ उरला तो वाघोबाच्या ठाण्यांत. वसुबारसेला शहरात गाय-वासरू पुजतात, त्याच दिवशी इथले आदिवासी वाघबारस करतात. बिबट्या मात्र अजून हिंडतो.

अमेरिकेत ठासणीची शिकार आजही कायदेशीर आहे. कोलोराडोत हरणासाठी किमान ०.४० इंचाची आणि एल्कसाठी किमान ०.५० इंचाची नळी लागते. पेनसिल्व्हेनियात तर नाताळानंतर चकमकीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. तिथल्या हौशी मंडळींना फोर्साइथचा हिशेब आजही उपयोगी पडतो.

आपल्याकडे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आवरली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकराबाबतही कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती वेळेवर मिळत नाही, भरपाई उशिरा येते, आणि मग कुणी कुंपणात वीज सोडतो, कुणी गावठी बॉम्ब पेरतो. त्यात डुकराआधी गुरे आणि माणसे जातात. माझ्या मते राखणीला नुसत्या दारूचा मोकळा बार आणि वेळेवर झालेला पंचनामा, एवढे पुरे आहे. गोळीची गरज क्वचितच पडावी.

वाचकांपैकी कुणाच्या वाड्यात आजोबांची ठासणीची बंदूक टांगलेली असेल, तर एक करा. ती रिकामी आहे असे धरून चालू नका. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेट घेते. चाप ओढून पाहू नका, नळीत डोकावू नका, तापवू नका. परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याकडून ती तपासून घ्या. आणि दुरुस्तीनेही न उडणारी असेल तरच ती शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधल्या सवलतीत बसते. एरवी तिला परवाना लागतो, किंवा ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते.